आईच्या पावलाच्या मापाची वाट

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरावरून जाणारी माणसे हल्ली फाटकाशी थांबतात आणि हे अंगण कोणी केले, असे विचारतात. आपले नाव कुठेही छापायचे नाही, असे आपण बजावले आहे, म्हणून ते लिहीत नाही. पण आपण काय केले आणि तसेच का केले, हे चारचौघांसमोर लिहून आपले आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही.

आपण पहिल्यांदा दगडकामासाठी आलात तेव्हा अंगणाची काय अवस्था होती, ते आपल्याला आठवत असेलच. ३० फूट रुंद आणि १८ फूट लांब अशा त्या जागेत आधीच्या कामगारांनी सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवून दिले होते आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यातले निम्मे खचून पाणी जोत्याला टेकले होते. आमची जागा पूर्वी भाताचे शिवार होती. इथून यळ्ळूरपर्यंतची काळी माती भाताला मानवते, पण वर बसवलेल्या फरशीला ती सुखाने राहू देत नाही, कारण पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. मला हे माहीत नव्हते. आपण मात्र कोपऱ्यात हातभर खड्डा काढून त्यात बादलीभर पाणी ओतले, दुसऱ्या दिवशी सकाळी ते जवळजवळ तसेच उभे असलेले मला दाखवले आणि म्हणालात, "बाई, आधी पाणी कुठं जातंय ते बघूया, दगडाचं मग बघू."

त्यानंतरचे दोन दिवस आपण पायरीवर नुसते बसून होतात. मला तेव्हा मनातून थोडी घाई झाली होती, हे मी कबूल करते. फाटकापासून दारापर्यंत सरळ रेषेत जाणारी वाट मी कागदावर आखून ठेवली होती आणि काम लगेच सुरू होईल, अशी माझी समजूत होती. आपण मात्र दूधवाला कुठून येतो, मुले सायकल कुठे लावतात आणि ८१ वर्षांची माझी आई काठी टेकत तुळशीपर्यंत कोणत्या बाजूने जाते, हे पाहत होतात. तिसऱ्या दिवशी आपण रांगोळीने जी वाट आखली, ती पायरीवरून उतरून आधी वृंदावनाकडे वळत होती आणि तिथून फाटकाकडे जात होती. आईच्या पायांनी ती वाट आधीच पाडलेली होती, हे मला आपली रेघ पाहिल्यावर समजले. त्या दोन दिवसांची मजुरी आपण घेतली नाहीत, हे मला आजही बोचते.

जे आपल्या अंगणात असे काही करू पाहत आहेत, त्यांच्यासाठी वाटेच्या पोटात काय आहे, ते इथे सांगते. नऊ इंच काळी माती काढून टाकून तिथे सहा इंच मुरूम दोन थरांत घातला. प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने चोपला. त्यावर दगडाचा जाडसर चुरा पसरला आणि मग दगड बसवले. सांध्यांत सिमेंट न भरता वाळू भरली, त्यामुळे पाणी खाली जिरते आणि एखादा दगड हललाच तर तेवढाच उचलून पुन्हा बसवता येतो. उतार घरापासून दूर, दर आठ फुटांना दोन इंच ठेवला. वाटेची रुंदी चार फूट धरली, कारण आईचा हात धरून दुसऱ्या माणसाला शेजारून चालता आले पाहिजे, असे आपण म्हणालात. पायऱ्यांची उंचीही आईला दोनदा चढायला लावून, तिचे पाऊल मोजून आपण ठरवलीत.

दगडांच्या बाबतीत माझा मोठा गोंधळ होता. खानापूर तालुक्यातले आमचे जुने घर उतरवल्यावर निघालेले जांभ्याचे चिरे, स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशा, वडिलांनी जपून ठेवलेले जाते, जनावरांना पाणी पाजण्याची दगडी डोण आणि मी स्वतः हौसेने आणलेले पांढरे गोटे असे सगळे एकमेकांशी न जुळणारे सामान मागच्या दारी पडून होते. यातले निम्मे तरी टाकावे लागेल, असे मी धरून चालले होते. आपण काहीच टाकले नाहीत. जांभा मात्र सगळीकडे फिरवलात: वाटेच्या दोन्ही कडांना, वाफ्यांच्या बांधाला, वृंदावनाच्या ओट्याला. तो एक लाल रंग सगळ्यांच्या मधून गेल्यामुळे बाकीचे दगड कितीही वेगळे असले तरी एका घरातले वाटतात. पाय पडतो तिथे मात्र आपण जांभा येऊ दिला नाहीत. तो सच्छिद्र असल्यामुळे पाणी धरतो, त्यावर शेवाळ येते आणि माणूस घसरतो, म्हणून चालण्याच्या वाटेवर टाकीने खडबडीत केलेला काळा दगडच बसवलात. शहाबादी फरशा बाकाखाली गेल्या. माझे पांढरे गोटे पागोळ्यांखाली दीड फूट रुंदीच्या पट्ट्यात पसरले आणि कौलांवरून पडणाऱ्या धारेने माती उखडून भिंतीवर शिंतोडे उडण्याचे थांबले.

झाडांविषयी बोलताना आपण नेहमी म्हणायचात, "मला दगडातलं कळतं, झाडातलं नाही." ते मला पटलेले नाही. आईने माहेराहून आणलेला अनंत मी सिमेंटच्या जुन्या कडेला लावला होता आणि त्याची कोवळी पाने पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहिल्या होत्या. मी खतावर खत घालत राहिले. सिमेंटमधला चुना मातीत उतरतो आणि अनंताला आंबट लाल माती लागते; चुन्याच्या मातीत लोह असले तरी त्याला ते घेता येत नाही, हे आपण ओळखलेत. चिऱ्यांचा दीड फूट उंच वाफा बांधून त्यात लाल माती, वाळू आणि शेणखत भरले आणि अनंत तिथे हलवला. त्याच्या शेजारी सोनचाफा आला, कारण त्यालाही मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. कोरफड आणि मुलांचे निवडुंग उंच कोपऱ्यात गेले. कर्दळ आणि सोनटक्का यांना ओल हवी असते, म्हणून उताराच्या शेवटी, जिथे सगळे पाणी जमते, तिथल्या काळ्या मातीतच ते लावले. जास्वंद, तगर आणि अबोली मधल्या जागेत आहेत. पाण्याच्या तहानेप्रमाणे झाडांची अशी वाटणी झाल्यामुळे इतक्या नाना तऱ्हेची झाडे असूनही बघणाऱ्याला गर्दी वाटत नाही.

मृगाचा पाऊस या वेळी जोरात लागला. पहिल्या रात्री मी विजेरी घेऊन तीन वेळा बाहेर आले. पाणी वाटेवरून सरकत कर्दळीपर्यंत गेले आणि तिथे थोडे साचून सकाळपर्यंत जिरले. जोते कोरडे होते. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर आई माझा हात न धरता तुळशीला पाणी घालायला गेली. वाटेत थांबून तिने काठीने एक दगड ठोकून पाहिला आणि "हा हलत नाही," एवढेच म्हणाली. हे तिचे शब्द आपल्याला कळवायचे होते.

अनंताला नवी पाने आली आहेत आणि ती पूर्ण हिरवी आहेत. डोणीत पाणी ठेवतो, चिमण्या येतात. जात्याची वरची तळी अजून भिंतीला टेकवलेली आहे. ती कुठे बसवायची हे आपण पावसाळ्यानंतर ठरवू, असे म्हणाला होतात. दसऱ्यानंतर सवडीने या, जेवायलाच या. आईने आपल्यासाठी सोनचाफ्याचे एक रोप पिशवीत वाढवत ठेवले आहे आणि आपल्या अंगणातली माती लाल असल्यामुळे ते तिथे चांगले धरेल, असे तिला वाटते.

आपली ऋणी,
वडगावची बाई