ते स्मारक ओगलथॉर्पचं नव्हे

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या सव्हाना शहरावर पानभर लेख आहे. ‘पायी फिरावं असं शहर’ हे अगदी खरं. पण तिसऱ्या फोटोखाली ‘शहराचे संस्थापक ओगलथॉर्प यांचे स्मारक’ असं वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. लाल ग्रॅनाइटचे खांब, वर पृथ्वीचा गोल, ते ओगलथॉर्पचं नाही हो! ते राइट स्क्वेअरमधलं, विल्यम वॉशिंग्टन गॉर्डन या रेल्वे कंपनीच्या अध्यक्षाचं. ओगलथॉर्प पुढच्या चौकात, चिपेवा स्क्वेअरमध्ये, 1910 पासून ब्राँझमध्ये उभा आहे. लेखिकाबाईंनी दोन्ही चौक पाहिले असतील तर ही चूक व्हायला नको होती. पाहिले नसतील तर... असो.

एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. पण त्याच राइट स्क्वेअरमध्ये टोमोचीचीला पुरलं होतं आणि अख्ख्या लेखात त्याचं नावसुद्धा नाही! 1733 मध्ये ओगलथॉर्प माणसं घेऊन आला तेव्हा नदीकाठच्या त्या कड्यावर यामाक्रॉ या मूळनिवासी लोकांची वस्ती होती. त्यांच्या या म्हाताऱ्या नायकाने जागा दिली नसती, तर लेखिकाबाईंना ते बावीस चौक कुठले दिसायला? पुढच्याच वर्षी तो लंडनला जाऊन राजाला भेटून आला. 1739 मध्ये तो गेला तेव्हा खांदा द्यायला स्वतः ओगलथॉर्प होता. आणि 1883 मध्ये गॉर्डनसाहेबांसाठी चौकाच्या मधोमध जागा हवी झाली, तर टोमोचीचीची समाधी मानली जाणारी दगडमातीची रास तिथून हलवली. हे टोचलं कुणाला, तर गॉर्डनच्या सुनेला! तिने पुढाकार घेतला, म्हणून 1899 मध्ये चौकाच्या कोपऱ्यात ग्रॅनाइटचा एक ओबडधोबड धोंडा तरी बसला.

हा धोंडा मी पाहिलाय. दोन वर्षांपूर्वी मुलाकडे अटलांटाला गेलो होतो, तेव्हा चार तास गाडीने जाऊन आम्हीही ‘वॉकिंग टूर’ घेतली. गाइड पोरगेलासा, भुताखेतांत रमलेला. धोंड्यापाशी आल्यावर म्हणतो, याला पळत तीन फेऱ्या मारा आणि टोमोचीचीला हाक मारा, तो ओ देतो. चार-पाच जण खिदळत पळालेही. आमच्या सौ.ला त्याचं इंग्रजी निम्मंच कळलं होतं, पण ‘ग्रेव्ह’ हा शब्द कळला होता. तिने बाजूला होऊन पायातले बूट काढले आणि हात जोडले. गाइडला वाटलं, बाईंना बूट चावला. धावत येऊन बँडेडची पट्टी देऊ लागला! मला त्याला काही नीट सांगता आलं नाही, ते अजून डाचतंय.

आणि आपला लेख काय सांगतो, तर ‘फॉरेस्ट गंप’ या गाजलेल्या हॉलिवूडपटातल्या ‘त्या’ बाकावर बसायला विसरू नका. अहो, तो बाक चिपेवा स्क्वेअरमध्ये नाहीच. चित्रीकरणापुरता मांडला होता, आता संग्रहालयात आहे. विल्यम जे या वास्तुविशारदाने बांधलेल्या ओवेन्स-थॉमस घराच्या पायऱ्यांचं, खांबांचं कौतुक वाचलं. मागच्या अंगणात गुलामांच्या खोल्या आहेत, त्यांच्या छताला भुतं दूर राहावीत म्हणून दिलेला निळा रंग अजून दिसतो. तिकीट तेच असतं, चार पावलं मागे जायला काय हरकत होती? ‘दोन तासांत आरामात’ हेही कुणाच्या गुडघ्यांच्या हिशेबाने लिहिलंय कोण जाणे. रिव्हर स्ट्रीटकडे उतरताना जहाजांच्या तळातून आलेले दगडगोटे अंथरलेत, त्यावरून सौ. माझा दंड धरून उतरली.

सात फोटोंपैकी पाचांत लेखिकाबाई स्वतः आहेत. गॉगल छान आहे.

जाता जाता एक. गेल्या दोन रविवारी शब्दकोड्याची उत्तरं छापलेली नाहीत. आडवा 14 मला आलेला आहे, पण उभा 9 त्यात बसत नाही. तो आपल्याकडून चुकला आहे का, एवढं कळवावं.

— एक वाचक, मिरज
(नाव छापू नये. मुलगा तिकडे ऑनलाइन अंक वाचतो.)