वाडीत नेट आणणाऱ्यांचे आभार

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत आता घरात बसून व्हिडिओ कॉल होतो. ज्यांच्यामुळे हे जमलं त्यातल्या बऱ्याच जणांची नावंही मला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

भारतनेटची (गावोगावी इंटरनेट नेण्याची सरकारी योजना) फायबर ग्रामपंचायतीपर्यंत; आम्ही पऱ्ह्यापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पल्याड. मोबाइलची रेंज फक्त वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर. देवरुखच्या दुकानातल्या दादाने महागडा राउटर गळ्यात मारायचं सोडून आधी विचारलं, "रेंजच्या काड्या नका बघू, आरएसआरपी किती दाखवतो?" आरएसआरपी म्हणजे टॉवरच्या सिग्नलची ताकद; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. आमचा उणे ११८! मग त्यानेच समजावलं: २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी डोंगर-झाडीत लवकर थकतात, ८५०-९००च्या लांब पोचतात. सिमचा राउटर खालच्या बँडवर (म्हणजे या ८५०-९००च्या लहरींवर) लॉक करा, अँटेना बाहेर टॉवरच्या दिशेने लावा. सल्ल्याचा एक रुपया घेतला नाही.

शेजारच्या काकूंनी कलमांच्या बागेतल्या उंचवट्यावर खांब पुरू दिला. (हद्दीवरून आमच्याकडे काय काय होतं, ते कोकणातल्यांना वेगळं सांगायला नको.) कॉलेजची दोन पोरं आली, एक वर अँटेना बोटबोट सरकवतोय, दुसरा खालून आकडे ओरडतोय. उणे ९७ला थांबलो.

केबल आखूड ठेवा, नाहीतर कमावलेला सिग्नल वायरीतच जिरतो, हे एसटीत भेटलेल्या निवृत्त दूरसंचारवाल्या काकांनी सांगितलं. खांबाला अर्थिंगही त्यांच्याच आग्रहाने दिलं.

अर्थिंगचा खड्डा खणणाऱ्या गड्यांनो, तुमचं जेवण बाकी आहे. शिमग्याला या.