अण्णा, ती बाटली मी पाठवत नाहीये

ती. आई आणि अण्णा,
सा. न.

फोनवर अण्णा मला बोलू देत नाहीत, म्हणून लिहितेय. आईला पुन्हा वास-चव यावी म्हणून तुम्ही मागितलेली झिंकच्या गोळ्यांची ती बाटली मी पाठवणार नाही. पैशांचा प्रश्न नाही, आणि आईचं मनावर घेत नाही असं तर मुळीच समजू नका. त्यातली एक गोळी 50 मिलिग्रॅमची. मोठ्या माणसाला दिवसभरात 40 च्या वर नको म्हणतात. जास्तीचं झिंक महिनोन्महिने पोटात गेलं की अंगातलं तांबं घटतं, त्यानं रक्त कमी होतं, हातापायांना मुंग्या येतात. आईचं हिमोग्लोबिन आधीच कसं आहे ते मी सांगायला नको.

झिंक खरोखर कमी असेल तर गोळ्यांनी चव परतते. पण आईला वास येईनासा झाला तो त्या तापसर्दीनंतर. अमेरिकेत ज्या डॉक्टरांनी झिंकचा एवढा पुरस्कार केला, त्यांनीच 1976 साली खऱ्या आणि खोट्या गोळ्या देऊन ताडून पाहिलं, तर फरक निघाला नाही.

म्हणून जळगावला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकलीय. विचारलं नाही, कारण तुम्ही ‘कापूस वेचून होऊ दे’ म्हणाला असता. गाडी दारात येईल. आईच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. काही गोळ्यांनीही तोंडाची चव जाते. पण स्वतःहून एकही बंद करायची नाही.

आई, शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला कळायचं की तू पऱ्हाटीवर वांगी भाजतेयस. दिवाळीत भरीत खारट झालं, तेव्हा तू स्वतः घास न घेता आमच्या तोंडांकडे बघत होतीस. आम्ही दोनदा वाढून घेतलं ते तुझं मन राखायला नाही गं, कळण्याच्या भाकरीबरोबर चाललं ते. पुढच्या वेळी मीठ अण्णांना चाखू दे, एवढंच.

आणि वास परतावा म्हणून लवंग, लिंबू, गुलाब, निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं. एकेक वीसेक सेकंद, तो वास आठवत. तीन महिने तरी. काही येत नाही म्हणून सोडायचं नाही.

आणि अण्णा, गॅस गळला तर आईला कळणार नाही. गॅस गळला की वाजणारा भोंगा मागवलाय. तो शेगडीच्या वर नाही, खाली जमिनीलगत बसवायचा. हा गॅस खाली साचतो. ‘शोभत नाही’ म्हणून काढून ठेवाल, तर मी येऊन पुन्हा लावीन.

तुमची,
ताई