सगळेच नशिबावर कसे?

रविवारच्या पुरवणीतील कर्करोगावरील लेख वाचला. पेशी विभागताना डीएनएची नक्कल चुकते, म्हणून कर्करोग हा बहुतांशी नशिबाचा भाग, हा त्यातील निष्कर्ष अर्धवट वाटतो. चुका होतात, पण बहुतेक चुका पेशी स्वतःच निस्तरते. नक्कल करणारे विकर (एन्झाइम) डीएनएच्या साधारण लाखभर रासायनिक अक्षरांमागे एखादे चुकीचे जोडते आणि बहुधा लगेच मागे येऊन ते खोडतेही. त्यातून निसटलेल्या चुका दुसरी यंत्रणा हेरते. अखेरीस अब्जावधी अक्षरांत जेमतेम एखादी उरते. डीएनए दुरुस्तीच्या संशोधनाला २०१५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लेखात त्याचा साधा उल्लेखही नाही!

नक्कल मध्येच अडली, की डीएनएचा नवा धागा इतर विकरांनी कुरतडू नये म्हणून बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिने त्याचे रक्षण करतात. त्यांच्या जनुकांतील दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो (हे अनेकांना ठाऊक नसते) आणि स्तन व अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो. हा दोष रक्ततपासणीत कळू शकतो. शिवाय या दोषामुळे डीएनएच्या दुरुस्तीत राहणाऱ्या उणिवेचाच फायदा घेऊन ओलापॅरिबसारखी औषधे कर्करोगाच्या पेशी मारतात. घरात असे एकाहून अधिक रुग्ण असतील, तर मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात जनुकीय सल्ला मिळतो, एवढी ओळ तरी लेखात हवी होती.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सातारा