तंबोऱ्याखालची घूं

पुणे

प्रिय मंगेश,

सप्रेम नमस्कार. लॅपटॉपला जोडायला स्पीकर घेतलेस, मजा आहे बुवा! गाण्यात तंबोऱ्याखाली घूं येते, तर डॅक (आकड्यांतल्या गाण्याची विजेची लहर करणारी वेगळी डबी) घ्यावा का, असं विचारलंस. पण दुकानदाराशी भांडायला जाऊ नकोस. तंबोऱ्याखालची ती घूं आणि माऊस हलवला की होणारी किरकिर, दोन्हींत स्पीकरचा काही दोष नाही.

आधी किरकिर. गाणं लॅपटॉपमध्ये असतं ते निव्वळ आकड्यांत. त्या आकड्यांची विजेची लहर करणारी चिमुकली चिप प्रोसेसर, वायफाय, पंखा यांच्या गर्दीतच बसवलेली असते. त्यांचा विद्युत गोंगाट त्या नाजूक सिग्नलमध्ये शिरतो आणि तुझा अ‍ॅम्प्लिफायर बिचारा इमानेइतबारे तोही मोठा करून ऐकवतो. डॅक घ्यायचा तो एवढ्यासाठीच. यूएसबीतून आकडे बाहेर काढायचे आणि त्यांची लहर त्या गर्दीपासून लांब, वेगळ्या डबीत करायची.

घूं मात्र बहुधा 50 हर्ट्झची, म्हणजे घरच्या विजेची. चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर दोघांनाही अर्थिंग असलं की ऑडिओच्या तारेतून त्यांचं वर्तुळ पुरं होतं आणि त्यातून विजेची घूं गाण्यात शिरते. आज रात्री गाणं चालू असताना चार्जर काढ. घूं थांबली, तर चोर सापडला. यूएसबीच्या तारेतही अर्थिंगची जोडणी असतेच, त्यामुळे नुसत्या डॅकने ती जाईलच असं नाही. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लाव, नाहीतर बॅटरीवर ऐक. टीव्हीवरून ऐकताना ऑप्टिकल तार वापर. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे तिथे ही भानगडच नाही.

डॅक लावल्याचा फरक कुठे कळतो सांगू? द्रुत तान, तबल्याचा कडकडाट यांत काही कळत नाही. विलंबितात गवई सम गाठून थांबतो ना, तिथे कान लाव. आधी त्या जागेत भुरकट काहीतरी भरलेलं असायचं. आता तंबोऱ्याच्या जवारीचा झंकार शेवटपर्यंत ऐकू येतो, डग्ग्याची घसट येते, मागे कुणीतरी खाकरलेलंसुद्धा येतं. जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांची खरखर मात्र तशीच राहणार. ती मुळातच रेकॉर्डिंगमध्ये आहे.

आता पैशांचं. तुझा तो ऑफिसातला मित्र 192 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची किती हजार मोजमापं), 32 बिट (प्रत्येक मोजमाप किती बारीक) असं काहीबाही सांगेल. ऐकून सोडून दे. 1982 साली सीडी बाजारात आली ती 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटवर. तेवढ्यात 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज पुरता मावतो, आणि आपल्या वयाच्या कानांना तितकाही ऐकू येत नाही. अ‍ॅपलचा तो यूएसबी-सीचा बोटभर हेडफोन अ‍ॅडॉप्टर मिळतो, तोही डॅकच, आणि मोजमापात भल्याभल्यांच्या तोंडात मारेल असा. त्याने सुरुवात कर. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या यूएसबी केबली म्हणजे माझ्या मते शुद्ध लूट.

आणखी एक, ब्लूटूथने ऐकत राहिलास तर डॅकचा उपयोग शून्य, कारण मग आकड्यांचं रूपांतर ब्लूटूथ पकडणाऱ्या स्पीकरच्या किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्याच पोटात होतं. विंडोजमधला आवाज पूर्ण ठेव, कमी-जास्त अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणाने कर.

खरं तर तुझ्या हॉलची मला जास्त काळजी वाटते. खाली उघड्या टाइल्स, समोर काचेची सरकती दारं आणि स्पीकर भिंतीला टेकवलेले! आवाज घुमणार नाही तर काय होईल? सतरंजी टाक, जाड पडदे लाव, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढ आणि दोघांमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर बस. या कामाला फारसा खर्च नाही, पण वहिनींची परवानगी लागेल. ती तूच काढ, मला मध्ये घालू नकोस.

चार्जरचं काय झालं ते उद्या फोनवर सांग. माझ्याकडे एक आरसीए केबल (अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची ऑडिओची तार) पडून आहे, विकत घेऊ नकोस. काकूंना नमस्कार.

तुझा,
अजय