तिथी रोज छापता, मग भरतीची वेळपण छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या भटकंतीच्या पुरवणीतलं ‘दोन दिवसांत अलिबाग-मुरुड’ हे कात्रण आमच्या ह्यांनी जपून ठेवलं होतं. बँकेत नोकरी केलेला माणूस, कागदावर आलं की ते खरंच असं धरून चालणार. त्यात लिहिलेलं, सकाळी ९ ते ११ कुलाबा किल्ला, दुपारी जंजिरा, संध्याकाळी काशीद. मग काय, कार्तिकी एकादशीला सगळा जिल्हा पंढरपूरकडे निघालेला आणि आम्ही दोघं गाडी काढून पुण्याच्या रस्त्याला, समोरून वारकऱ्यांच्या जीपा येतायत आणि मला आपलं उगाच चोरट्यासारखं वाटतंय. चारशेएक किलोमीटर जाऊन रात्री अलिबागला टेकलो.

दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला किनाऱ्यावर हजर. पुरवणीत फोटो होता त्यात लोक वाळूतनं चालत किल्ल्यात जातायत, घोडागाड्या जातायत, आणि इथं बघतो तर किल्ल्याच्या चहूबाजूनं नुसतं पाणी! हे म्हणाले, चुकीच्या किनाऱ्यावर आलो काय. आता आम्हा सोलापूरकरांना पाण्यातलं बांधकाम म्हणजे सिद्धेश्वराचं देऊळ, तिथलं तळं वर-खाली होतं ते उन्हाळा-पावसाळा बघून, दिवसातनं दोनदा नाही. भरती-ओहोटी शाळेत भूगोलात पाठ केलेली पण ती आपल्या सहलीच्या मधे येऊन उभी राहील हे कुणाच्या डोक्यात असतंय?

तिथं कोकम सरबत विकणाऱ्या एक कोळीणबाई होत्या. त्या हसून म्हणाल्या, ताई आज बारस ना, मग बारा पाऊणे नऊ, नऊला पाणी फुल्ल, आता तीनला सुकती, दोनच्या पुढं या. मला काहीच कळलं नाही पण ह्यांचे डोळे एकदम चमकले, कारण ह्यांना पाऊणकी अजून पाठ आहे. जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी म्हणजे पाव, अर्ध्या, पाऊणचे पाढे घोकून घ्यायचे तीच. तर हिशोब असा, तिथीला पाऊणनं गुणायचं की भरतीची वेळ निघते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, तीच त्यांची सुकती. द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा, अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, दोन्ही पंधरवड्यांना तोच हिशोब. चाळीस वर्षं व्याजाची आकडेमोड केली पण हे गणित समुद्रालापण लागतंय हे मला आज कळलं, असं हे त्या दिवशी पाचसहा वेळा तरी म्हणाले.

मग पाच तास काढायचे होते. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बरोबर होतीच, आदल्या दिवशी उपास म्हणून डबा उघडला नव्हता, तो किनाऱ्यावर सोडला. गावात जाऊन कान्होजी आंग्र्यांची समाधी बघितली. चुंबकीय वेधशाळा बाहेरनंच बघितली, मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ती १९०४ साली मुंबईतल्या कुलाब्याहून इकडं हलवली म्हणे.

दोनला परत आलो तर समुद्र गायब! चक्क ओल्या वाळूतनं, खडकातनं चालत आत गेलो. तटाचे दगड एवढे मोठे आणि मधे चुना नाही, नुसते एकावर एक बसवलेत, लाट आली की फटींतनं पाणी आत शिरतं आणि तिचा जोर जिरतो. शिवाजी महाराजांनी शेवटच्या काळात काम सुरू केलं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. आतलं गणपतीचं देऊळ आंग्र्यांनी बांधलेलं, आणि भोवती सगळा खारा समुद्र असताना मधे गोड्या पाण्याची विहीर. ज्यांच्या नळाला रोज पाणी येत नाही त्यांनी ती विहीर बघावी, मी तर पंधरा मिनिटं हलले नाही. आणि तिथंच उशीर झाला. साडेचारला कुणीतरी ओरडलं, पाणी भरतंय, चला. निम्म्या वाटेत गुडघ्याला लागलं, ह्यांची एक चप्पल गेली, शेवटची घोडागाडी मिळाली म्हणून बरं. हसायला येतं आता, पण तेव्हा माझे हात गार पडले होते.

जंजिरा दुसऱ्या दिवशी केला, राजपुरीहून शिडाच्या होडीनं. नावाड्यानं पाऊण तास दिला, त्यात कलालबांगडी तोफ आणि दोन तळी बघून झाली, पद्मदुर्ग तटावरनं लांबूनच. छान आहे, पण पाऊण तासात काय होतंय ओ?

आता मुद्द्याचं. पावसाळ्यात मुंबईला साडेचार मीटरची भरती येणार हे तुम्ही आम्हाला इथं सोलापुरात ठळक छापून सांगता. पंचांग तर रोजच असतं, तिथी असते, सूर्योदय सूर्यास्त असतो. मग सुट्ट्यांच्या दिवसांत त्याच चौकटीत अलिबाग, मुरुड, मालवणची भरती-ओहोटी टाकायला किती जागा लागते? पाऊणकीचा हिशोब अंदाजाचा, थोडं इकडंतिकडं होतंच, त्यामुळं नेमकी वेळ छापलेली बरी. आणि सहलीचा लेख असेल तर उधाण आणि भांग काय ते पण लिहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, तेव्हा पाणी लांब हटतं पण परत येताना झपाट्यानं येतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते तेव्हा ओहोटीला सुद्धा कुलाब्याच्या वाटेवर पाणी राहू शकतं, हे त्या कोळीणबाईंनीच सांगितलं. ‘सकाळी ९ ते ११’ असं लिहिणाऱ्याला ते माहीत नसावं, किंवा तो गेला तेव्हा पंचमी-षष्ठी असेल.

पुढच्या वेळी मालवणला जाऊन सिंधुदुर्ग बघायचं ठरतंय, तिथं होडीच लागते म्हणून ह्यांना वाटतंय तिथीचं काही काम नाही. मी मात्र कालनिर्णयावर पेनानं पाऊणकी लिहायला सुरुवात केलीये.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर