स्वागत कोणाचं करायचं? ग्वाल्हेरच्या आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
नगर निगम, ग्वाल्हेर

सप्रेम नमस्कार.

फुलबागेतली जागा नोव्हेंबरमध्ये दोन दिवस कविता महोत्सवासाठी मिळावी, असा आमचा अर्ज आपल्या कार्यालयात दिलेला आहे. तो हिंदीत आहे आणि त्याचे रकाने ठरलेले आहेत. त्या रकान्यांत जे मावलं नाही ते इथे मराठीत लिहिते आहे. आमच्या लष्कर भागातल्या माणसांनाही कळू दे, की त्यांच्या नावाने आम्ही काय मागितलंय.

माझी मावशी दानाओलीत राहते. पन्नास वर्षं ती कविता लिहिते, कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर नाहीतर किराण्याच्या हिशेबाच्या वहीत. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका कवी संमेलनाच्या यादीत तिचं नाव आलं. ठेवणीतली नारायणपेठ नेसून ती सहाच्या ठोक्याला जाऊन बसली. दीपप्रज्वलन झालं, पाहुण्यांचे परिचय झाले, हार, शाल, श्रीफळ, मग प्रत्येकाचं मनोगत, मग बाहेरगावचे नामवंत कवी. साडेनऊ वाजले तशी ती उठली, कारण त्यानंतर तिकडून घरी यायला सवारी मिळत नाही. पावणेअकराला तिचं नाव पुकारलं गेलं आणि ‘अनुपस्थित’ म्हणून पुढे सरकलं. साडेतीन तास ती तिथेच बसून होती.

आमच्या महोत्सवाची आखणी त्या रात्रीपासून सुरू झाली असं म्हटलं तरी चालेल. मराठी माणसाच्या संमेलनात स्वागताध्यक्ष असतो, स्वागत समिती असते, स्वागतगीत असतं, आणि या सगळ्यांचं तोंड व्यासपीठाकडे असतं. आम्हाला ते दाराकडे वळवायचं आहे. पहिल्यांदा वही घेऊन आलेली बाई, ‘इथे बसू का?’ असं विचारणारा मुलगा, काठी टेकत आलेले आजोबा, स्वागत यांचं व्हायला हवं.

आम्ही वहीत हिशेब मांडून पाहिला. दोन दिवसांत मिळून सहा तास खुल्या मंचाला. कवितेला चार मिनिटं, उठून माइकपाशी यायला एक. म्हणजे तासाला बारा जण, एकूण बहात्तर. आता पाच पाहुण्यांची पंधरा-पंधरा मिनिटांची भाषणं आणि वीस मिनिटांचे हार-तुरे यात घाला. पंचाण्णव मिनिटं गेली, म्हणजे एकोणीस माणसं गेली. ही एकोणीस माणसं कोण असतील हे मला माहीत आहे. यादीत शेवटी असतात तीच. म्हणून सत्कार एकही ठेवलेला नाही. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरेल, पण ज्यांना लवकर घरी परतायचंय त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात टाकू आणि तो डबा आधी उघडू.

फुलबागच का, असं आपल्या कार्यालयातून विचारलं गेलं. हे शहर मुळात तीन गावांचं आहे, जुनं ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार, आणि फुलबाग तिघांनाही जवळ पडते. शिवाय एकाच परिसरात मंदिर, मशीद, गुरुद्वारा आणि थिऑसॉफिकल लॉज असलेली ती जागा आहे, तिथे कोणालाही आपण परक्या अंगणात आलो असं वाटत नाही. बंद सभागृहाच्या पायऱ्या पाहूनच परत फिरणारी माणसं मी पाहिली आहेत.

आता भाषेचं. अर्जात ‘मराठी कार्यक्रम’ असं लिहिल्यावर खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने विचारलं, ‘मतलब सिर्फ आप लोगों का?’ नाही. इथे मराठी, हिंदी, बुंदेली, ब्रज, उर्दू, सिंधी, ज्याला जी येते ती. मराठी कवितांचा हिंदी भावार्थ आम्ही छापून वाटणार आहोत. या मातीत हे नवीन नाही. राजा मानसिंह तोमरांच्या दरबारात ध्रुपदाची पदं संस्कृत सोडून लोकांच्या बोलीत आली. भा. रा. तांबे इथले राजकवी होते आणि १९४१ साली इथेच गेले. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ साली श्योपूरला जन्मले, तेव्हा ते ग्वाल्हेर संस्थानात होतं. घरात मराठी बोलणारा हा माणूस हिंदीतला एवढा मोठा कवी झाला आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी झाले. एका आईची दोन मुलं, दोन भाषा. आमच्या मंचाला याहून चांगला दाखला मला सुचत नाही.

यात एक आमचं घरचं दुखणंही आहे. इथली मराठी मुलं मराठीत लिहायला धजत नाहीत. आम्ही ‘तो जाऊन राहिला’ म्हणतो, लिंग-वचन हिंदीच्या वळणाने जातं, मग पुण्याचा एखादा पाहुणा हसतो आणि मूल कायमचं गप्प होतं. चौतीस वर्षं शाळेत शिकवताना मीही लाल पेनाने अशा ओळी खोडल्या आहेत. त्याचं मला आज वाईट वाटतं. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्षा होत्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. ते ज्या गावात घडलं त्या गावातल्या मुलीला आपली मराठी कमअस्सल वाटावी, हे मला सोसत नाही. आमच्या मंचावर कोणाचीही भाषा दुरुस्त केली जाणार नाही.

तारखेवरही बराच वाद झाला. मन अर्थातच २७ फेब्रुवारीकडे, मराठी भाषा गौरव दिनाकडे धावतं. पण तेव्हा बोर्डाच्या परीक्षा असतात. लाउडस्पीकर लावायचा तरी कसा, आणि मुलं येणार कुठून? जानेवारीत धुकं आणि हाडं गोठवणारी थंडी, डिसेंबर तानसेन समारोहाचा. राहिला नोव्हेंबर, दिवाळीनंतरचा. अडचण एकच, तुळशीचं लग्न लागलं की शहरातली सगळी मॅरेज गार्डन बुक होतात आणि भाडं आमच्या आवाक्याबाहेर जातं. म्हणून आपल्याकडे आलो.

मागणं मोठं नाही. जागा दोन दिवस, अनामत रक्कम माफ. चलित शौचालय, त्यातलं एक व्हीलचेअर आत जाईल असं. पाण्याचा टँकर. मंचाला पायऱ्यांबरोबर उतार हवा, तो आम्ही लाकडी करून घेऊ, फक्त परवानगी द्या. फाटकापासून रस्त्यापर्यंतचे बंद दिवे सुरू व्हावेत आणि रात्री साडेनऊपर्यंत ई-रिक्षांना आत थांबू द्यावं. या शेवटच्या दोन गोष्टी झाल्या नाहीत तर बाकी सगळं मिळूनही बायका येणार नाहीत. कचरा आम्ही उचलू. सकाळच्या बेडई-भाजीला पत्रावळीच असतील.

२०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हटलं, तेव्हा आम्हाला खरंच अभिमान वाटला. पण बंदिशीत शब्दही असतात. त्या शब्दांसाठी शहराने दोन संध्याकाळी द्याव्यात.

आणखी एक विनंती. अशा कार्यक्रमांत पुढे सोफे लावायची पद्धत आहे. आपण ते लावू नयेत अशी सूचना द्यावी. आपण स्वतः अवश्य यावं, सहकुटुंब यावं, आणि सतरंजीवर किंवा खुर्चीवर, मिळेल तिथे आमच्यात बसावं. वही आणलीत तर आपलीही चिठ्ठी डब्यात टाकू.

परवानगीचं काय ते गणेशोत्सवापर्यंत कळलं तर मुरार आणि हजिऱ्याच्या वस्त्यांमध्ये घरोघर जाऊन सांगायला आम्हाला वेळ मिळेल. मावशी आता एकोणऐंशीची आहे. तिला मी यातलं अजून काहीच सांगितलेलं नाही. आपल्याकडून तारीख मिळाली की त्याच संध्याकाळी दानाओलीत जाईन.

आपली नम्र,
लष्करातली एक निवृत्त शिक्षिका